कॉलेजच्या गेटपासून माझ्या गाळ्यापर्यंत सव्वा किलोमीटर, पण येतं कोण?

रबाळ्याचा_गाळेवाला
१४ जानेवारी, रात्री १०:५२

मंडळी, नमस्कार. एरवी मी इथे फक्त वाचतो. आज राहवलं नाही.

रबाळे एमआयडीसीत माझं वर्कशॉप आहे. माणसं अकरा, लेथ चार, सीएनसी एक (हप्ते सुरू). पंपांची मेकॅनिकल सील (पंपाच्या फिरत्या दांड्यापाशी गळती अडवणारा भाग) बनवतो, दुरुस्तही करतो. तळोज्याच्या एका गिऱ्हाइकाकडे गेले सात महिने आमचं सील दर तीन आठवड्यांनी गळतंय. पंपातून पातळ सल्फ्युरिक ॲसिड जातं, असं त्यांच्या ऑर्डरवर लिहिलंय. त्याला व्हायटन नावाच्या रबराची ओ-रिंग (सीलमधली गोल कडी) चालते, हे या धंद्यातलं शेंबडं पोरही सांगेल. पण सील उघडावं तर रिंग रात्रभर भिजवलेल्या वालासारखी टम्म फुगलेली. रिंगवाला बदलला, पुन्हा पहिल्याकडे आलो, फिटरवर ओरडून झालं. गळती चालूच.

म्हटलं, गाळ्यापासून सव्वा किलोमीटरवर इंजिनिअरिंग कॉलेज आहे, तिथे विचारावं. रिंग प्लास्टिकच्या पुडीत घालून गेलो. विभागप्रमुखांनी चहा पाजला आणि प्लेसमेंटच्या सरांना बोलावून घेतलं. त्यांचा पहिला प्रश्न, "वर्षाला किती मुलं घ्याल?" मी म्हटलं, अहो माझ्याकडे माणसंच अकरा आहेत. मग एमओयूचा, म्हणजे सहकार्याच्या कराराचा, मसुदा आला. पुढच्या आठवड्यात बोलावून शाल, श्रीफळ, मागे फ्लेक्स, फोटो. फ्लेक्सवर माझ्या नावाआधी 'सुप्रसिद्ध उद्योगपती' बघून बायको दोन दिवस हसत होती. रिंगची पुडी शर्टाच्या खिशातच राहिली. तीही तिलाच सापडली, धुणं भिजवताना.

मामेभाऊ जर्मनीत चाळीस माणसांच्या एका कारखान्यात आहे. त्यांच्याकडे म्हणे जवळच्या कॉलेजचा मुलगा सहा महिने येऊन बसतो, कारखान्याचीच एखादी अडचण घेऊन तिच्यावर प्रबंध लिहितो आणि त्याचे प्रोफेसर अधूनमधून येऊन मशीनपाशी उभे राहतात.

तर प्रश्न असा, की इतर देशांत हे कसं जमतं? कायद्याने, पैशाने की नुसत्या सवयीने? आणि आपलं घोडं फ्लेक्सपाशीच का अडतं?

---

कोपरी_कट्टा
१४ जानेवारी, रात्री ११:०३

रुमाल टाकून ठेवतो. शाल कुठल्या रंगाची होती?

---

रबाळ्याचा_गाळेवाला
१४ जानेवारी, रात्री ११:१०

मरून. हवी का?

---

श्टुटगार्टची_सून
१५ जानेवारी, पहाटे ३:२०

माहेर चरई, ठाणे. गेली अकरा वर्षं श्टुटगार्टजवळ आहे, त्यामुळे थोडं अधिकाराने लिहिते.

तुमचा मामेभाऊ सांगतोय ते खरं आहे, पण तिकडे सगळीच विद्यापीठं तशी नाहीत. जुनी विद्यापीठं हुम्बोल्टच्या परंपरेतली. ज्ञानासाठी ज्ञान, प्राध्यापक म्हणजे देव. त्याशिवाय 'फाखहोखशूल' नावाची वेगळी जात आहे, साधारण १९७० च्या आसपास जुन्या इंजिनिअरिंग शाळांमधून उभी राहिलेली. तिथे प्रोफेसर व्हायचं तर पीएचडी पुरत नाही. पाच वर्षं कामाचा अनुभव लागतो आणि त्यातली किमान तीन वर्षं विद्यापीठाच्या बाहेर काढलेली असावी लागतात. म्हणजे तुमची रिंग ज्याच्या हातात पडेल, त्याने आधी कुठेतरी गळकं सील बघितलेलं असण्याची शक्यता बरीच.

तिसरी तऱ्हा आमच्या राज्यातली. १९७४ मध्ये डाइमलर-बेंझ, बॉश आणि एसईएल या कंपन्यांनी सरकारबरोबर मिळून दुहेरी शिक्षण सुरू केलं. तीन महिने वर्गात, तीन महिने कंपनीत, असं तीन वर्षं आलटून पालटून. प्रवेश आधी कंपनीकडून मिळवायचा, आणि पगार वर्गातल्या महिन्यांचाही मिळतो. २००९ मध्ये तिला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. माझा दीर तिथलाच. सासूबाई अजून सांगतात, की एकोणिसाव्या वर्षापासून त्याने घरात पैसे दिले.

आता दुसरी बाजू. तो दीर त्याच कंपनीत चौदा वर्षं आहे. बाहेर पडावं असं त्याला कधी वाटलंच नाही की वाटू दिलं गेलं नाही, हे मला अजून कळलेलं नाही.

---

उलटा_विचार
१५ जानेवारी, सकाळी ८:४१

गाळेवाले, रिंगबद्दल सहानुभूती आहे. पण मुळात विद्यापीठ उद्योगाच्या कामी यावं, हे कोणी ठरवलं? विद्यापीठ म्हणजे एमआयडीसीची मेंटेनन्स सर्व्हिस नव्हे.

---

रबाळ्याचा_गाळेवाला
१५ जानेवारी, सकाळी ९:१५

मान्य. पण मग त्यांनी फ्लेक्स तरी छापू नये.

---

मास्तर_मी
१५ जानेवारी, रात्री ९:३०

मी मेकॅनिकलला शिकवतो, ठाणे जिल्ह्यातच. कॉलेज सांगत नाही, बहुधा तुमच्या फ्लेक्सवालं नाही. शिव्या खायच्या तयारीने लिहितोय.

यूजीसीच्या नियमानुसार सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास शिकवायचं. हे कागदावर. त्यात पेपर तपासणी, प्रवेशाच्या दिवसांत फॅसिलिटेशन सेंटरवर पालकांना कॅप राउंड समजावणं, नॅकच्या (कॉलेजांचा दर्जा ठरवणारी संस्था) फायली. नॅकला मोजायला एमओयू लागतात, 'फंक्शनल' एमओयू. ते फंक्शनल आहेत हे दाखवायला कार्यक्रम लागतो, कार्यक्रमाला पाहुणा, पाहुण्याला शाल. तुम्ही आमचा आकडा झालात, वाईट वाटून घेऊ नका. तुमची रिंग बघितल्याबद्दल मला कुठल्याही तक्त्यात अर्धा गुणही मिळत नाही. त्याच रिंगवर कुठल्यातरी जर्नलमध्ये चार पानं छापली तर मिळतात, मग गळती थांबो न थांबो.

आता तुमच्या बाजूबद्दल. मागे एक कारखानदार शाफ्ट तुटतो म्हणून आले. मी तीन रविवार घालवले, फॅटिगच्या खुणा दाखवल्या, ड्रॉइंग बदलून दिलं. कॉलेजने पाच हजार अधिक १८ टक्के जीएसटीचं बिल काढलं. त्यावर ते म्हणाले, "सर, जीएसटी कशाला, तुम्ही घरचेच ना!" पाच हजारही आले नाहीत. वकिलाकडे, सीएकडे माणूस फी विचारून जातो. मास्तराकडे पेढे घेऊन येतो, तेही काम झाल्यावर.

---

कोपरी_कट्टा
१५ जानेवारी, रात्री ९:४४

म्हणजे एकीकडे शाल, दुसरीकडे पेढे. रोखीचा व्यवहार कोणीच करत नाही.

---

रबाळ्याचा_गाळेवाला
१५ जानेवारी, रात्री १०:२०

मास्तर, लागलं. खरं सांगतो, मीही फी किती हे विचारलं नव्हतं. मनात होतं, की कॉलेज आहे, फुकट सांगतील.

---

थर्ड_शिफ्ट
१६ जानेवारी, दुपारी ४:०५

वय ७१, राहणार पाचपाखाडी. ठाणे-बेलापूर रोडवर नोसिल, हर्डिलिया, पीआयएल होत्या त्या काळात त्या पट्ट्यात नोकरी केली. रबाळ्याहून बस जाताना डोळे मिटून कंपनी ओळखायची, वासावरून.

आपल्याकडे काहीच नव्हतं असं म्हणू नका. माटुंग्याचं यूडीसीटी, म्हणजे रसायन तंत्रज्ञान शिकवणारी संस्था, बघा. १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा एक विभाग म्हणून सुरू झालं. तेव्हा मुंबईचा उद्योग म्हणजे गिरण्या, म्हणून कापडाचं रसायनशास्त्र तिथे पहिल्यापासून. पुढे रंग, औषधं, तेलं, प्लास्टिक अशा शाखा फुटत गेल्या. प्रा. मनमोहन शर्मा १९६४ मध्ये केंब्रिजहून तिथे आले ते सत्ताविसाव्या वर्षी प्रोफेसर म्हणून. हा माणूस कारखान्यांना सल्ला द्यायचा आणि तिथले प्रश्न वर्गात आणायचा. १९९० मध्ये रॉयल सोसायटीचा फेलो झाला, असा मान मिळालेला पहिला भारतीय इंजिनिअर. म्हणजे सल्ला दिला की संशोधन बुडतं, हे काही खरं नाही.

आमच्या प्लांटवर माटुंग्याचे एक सर यायचे. नाव नको, ते प्रसिद्ध नव्हते. आले की ऑफिसात बसायचे नाहीत. सरळ कंट्रोल रूममध्ये जाऊन रात्रपाळीचं लॉगबुक मागायचे. म्हणायचे, दिवसपाळी साहेबांसाठी लिहिते, रात्रपाळी खरं लिहिते. त्यांची फी कंपनी देत असे, आणि ती घ्यायला विद्यापीठाची परवानगी होती. मुख्य गोष्ट ती. आज यूडीसीटी आयसीटी झालं, २००८ पासून स्वतःच विद्यापीठ आहे.

गाळेवाले, तुमच्या रिंगबद्दल माझा एकच प्रश्न. त्या पंपातून ॲसिडशिवाय आणखी काय जातं? ऑर्डरवरचं सांगू नका.

---

इतिहासाची_खोड
१६ जानेवारी, संध्याकाळी ६:१८

अवांतर, पण राहवत नाही.

विद्यापीठ आणि पैसेवाले यांचं नातं मुंबईत तरी पहिल्यापासूनचं आहे. विद्यापीठ १८५७ चं. त्याचा मनोरा कापसाच्या व्यापारात पैसा कमावलेल्या प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून, नाव आईचं, राजाबाई. महर्षी कर्व्यांचं महिला विद्यापीठ १९१६ चं. जपानमधल्या महिला विद्यापीठाची पुस्तिका वाचून अण्णांना ती कल्पना सुचली होती. त्याला १९२० मध्ये १५ लाख दिले ते गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसींनी, नाव पुन्हा आईचं, नाथीबाई. आणि १८८७ मध्ये भायखळ्याला गिरण्यांना माणसं पुरवायला निघालेलं व्हीजेटीआय आधी राणी व्हिक्टोरियाच्या नावाने होतं, १९९७ मध्ये झालं वीरमाता जिजाबाई.

तात्पर्य: जर्मन कंपनी विद्यापीठाला पगारी मुलगा देते, आपला शेठ आईचं नाव देतो. (ह.घ्या.)

---

श्टुटगार्टची_सून
१६ जानेवारी, रात्री ८:०२

@इतिहासाची_खोड 😂 सासूबाईंना भाषांतर करून सांगितलं. त्या म्हणाल्या, आमच्याकडे आईचं नाव बेकरीला देतात.

---

उलटा_विचार
१७ जानेवारी, दुपारी १२:३०

गंमत चालू द्या, पण अमेरिकेचं कोणी काढणारच, म्हणून मीच काढतो.

तिथे १९८० मध्ये बाय-डोल कायदा आला. सरकारी पैशातून लागलेल्या शोधाचं पेटंट विद्यापीठ स्वतःकडे ठेवू लागलं. सगळ्यांचं आवडतं उदाहरण गूगल. पानांचा क्रम लावायच्या मूळ पद्धतीचं पेटंट स्टॅनफर्डचं होतं, ती वापरू दिल्याबद्दल विद्यापीठाला १८ लाख शेअर मिळाले आणि २००५ पर्यंत ते विकून ३३ कोटी ६० लाख डॉलर. छान. पण असा लॉटरीचा नंबर किती विद्यापीठांना लागतो? उरलेल्यांनी पेटंटच्या कचेऱ्या थाटल्या आणि वकील पोसले.

दुसरं उदाहरण. १९९८ मध्ये नोव्हार्टिसने बर्कलीच्या वनस्पती आणि सूक्ष्मजीवशास्त्राच्या एका विभागाशी पाच वर्षांचा अडीच कोटी डॉलरचा करार केला. पैसे कशावर खर्चायचे हे ठरवणाऱ्या पाच जणांच्या समितीत दोन जागा कंपनीच्या. शिवाय विभागातल्या साधारण एक तृतीयांश शोधांच्या हक्कांसाठी पहिली बोलणी कंपनीशीच करायची. सरकारी विद्यापीठाचा अख्खा विभाग! केवढा गदारोळ झाला होता तेव्हा. तंबाखू कंपन्यांनी १९५० च्या दशकापासून संशोधनाला पैसे देऊन काय साधलं, ते तर जगजाहीर आहे.

बाय-डोलसारखं विधेयक २००८ मध्ये आपल्या राज्यसभेतही आलं होतं, पुढे मागे घेतलं गेलं. मला तेव्हा हायसं वाटलं होतं.

---

मास्तर_मी
१७ जानेवारी, रात्री १०:१५

@उलटा_विचार, स्वीडनमध्ये नेमकं उलट आहे. १९४९ पासून तिथे प्राध्यापकाचा शोध प्राध्यापकाचाच, विद्यापीठाचा त्यावर हक्क नाही. जर्मनीतही तसंच होतं, त्यांनी २००२ मध्ये ते बंद केलं. त्यामुळे 'परदेशात असं असतं' या वाक्याला फारसा अर्थ नाही.

बाकी अडीच कोटी डॉलरने विकले जाण्याची भीती आम्हाला घालू नका. आमच्याकडे पाच हजार येत नाहीत.

---

तोक्यो_ते_तुर्भे
१८ जानेवारी, सकाळी ७:५०

मोबाईलवरून टंकतोय, चुभूद्याघ्या. एका जपानी कंपनीच्या महापे ऑफिसात आहे, चार वर्षं तिकडेही काढली.

जपानी कंपनीला वाटतं, पोरगं कोरं पाठवा, आम्ही घडवू. १ एप्रिलला सगळी नवी भरती एकाच दिवशी, एकसारख्या काळ्या सुटात. कॉलेजात काय शिकलास, हे मला तिकडे एकदाही कोणी विचारलं नाही. इंजिनिअरिंगला मात्र प्रोफेसरची शिफारस चालत आलेली. प्रोफेसर आणि कंपनीतले त्याचे जुने विद्यार्थी, सगळं नातं त्या धाग्यावर. सरकारी विद्यापीठांतले प्राध्यापक २००४ पर्यंत सरकारी नोकर होते, त्यामुळे उघड व्यवहारापेक्षा ओळखीपाळखीचा व्यवहार जास्त. म्हणजे आपल्यासारखंच, फक्त वेळेवर.

---

खाडीकाठचा
१८ जानेवारी, रात्री ११:३५

उद्योग उद्योग चाललंय. समाज कुठे गेला?

मी घणसोलीचा, आगरी. साठच्या दशकात एमआयडीसी आली, १९७० मध्ये सिडको. आजोबांची भातखाचरं आणि मिठागर दोन्ही गेलं. त्याच जमिनींवर पुढे सवलतीच्या दरात शिक्षणसंस्थांना भूखंड मिळाले. कॉलेजं झाली, चांगली झाली. पण आमच्या गावाचा त्या कॉलेजांशी संबंध काय? वॉचमन, कँटीन, बाहेरची झेरॉक्स. माझा चुलतभाऊ एका कॉलेजच्या गेटवर बारा वर्षं उभा आहे. त्या जागेवर आमचं खळं होतं, तो सांगतो कुठे होतं ते.

दुसरी गोष्ट खाडीची. २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झालं, २०२२ मध्ये रामसरच्या (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या) यादीत नाव लागलं. अभिमान आहे. पण बाबा सांगतात, पूर्वी जाळ्यात काय काय यायचं आणि आता काय येतं. ते का कमी झालं, कोणत्या नाल्याने झालं, हे बाबांना कोण सांगणार? एका कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या मॅडम मुलं घेऊन यायच्या, पाण्याचे नमुने न्यायच्या, आमच्याच होडीतून. चांगल्या होत्या, आईने त्यांना जेवू घातलंय. तीन वर्षांनी एकाला डॉक्टरेट मिळाली. प्रबंधात काय निघालं, ते बाबांना आजवर कोणी सांगितलं नाही. इंग्रजीत आहे म्हणे.

---

मास्तर_मी
१८ जानेवारी, रात्री ११:५८

यावर उत्तर नाही माझ्याकडे.

---

उत्रेख्तहून_परत
१९ जानेवारी, सकाळी १०:१२

@खाडीकाठचा, तुमच्या बाबांसारख्यांसाठी नेदरलँड्समध्ये एक व्यवस्था निघाली, १९७० च्या दशकात. नाव 'विज्ञान-दुकान'. खरंच दुकान म्हणतात. रहिवासी संघटना, कामगार, रुग्णांचे गट असे कोणीही, ज्यांच्याकडे संशोधन करवून घ्यायला पैसे नाहीत, त्यांनी आपला प्रश्न घेऊन विद्यापीठात यायचं. आमच्या गल्लीतल्या मातीत काय आहे? आमच्या खात्यात सगळ्यांना खोकला का? दुकानातला माणूस तो प्रश्न संशोधनाच्या भाषेत मांडतो आणि विद्यार्थी प्राध्यापकाच्या देखरेखीखाली त्यावर काम करतो. त्याला क्रेडिट मिळतात, आणि अहवाल प्रश्न विचारणाऱ्याला समजेल असा लिहावा लागतो. नंतर पैशांच्या कात्रीत काही दुकानं बंद पडली, पण ही कल्पना इतर देशांतही गेली.

प्रश्न कोण विचारतो यावर सगळं आहे. कंपनीचा प्रश्न विद्यापीठाच्या दारातून आत जातो. कोळ्याचा प्रश्न होडीपर्यंत येऊन नमुना घेऊन जातो.

---

मुरबाडचा_भात
१९ जानेवारी, दुपारी ३:४०

शेतीत ही गोष्ट आपल्याकडे आहे की राव! अमेरिकेने १८६२ च्या मॉरिल कायद्याने प्रत्येक राज्याला, संसदेतल्या दर सदस्यामागे तीस हजार एकर जमीन दिली, ती विकून शेती आणि यंत्रविद्येची कॉलेजं काढा म्हणून. (ती जमीन आली कुठून, ते तिथल्या मूळ रहिवाशांना विचारा. खाडीकाठच्या दादांना पटेल.) १८८७ मध्ये प्रयोग केंद्रं, १९१४ मध्ये विस्तार सेवा, म्हणजे विद्यापीठाचा माणूस बांधावर. आपली कृषी विद्यापीठं त्याच घडणीची. पंतनगर १९६०, राहुरी १९६८, आपलं दापोली १९७२. रत्ना आंबा दापोलीचा, नीलम आणि हापूसचा संकर. आणि कर्जतच्या केंद्रातली भाताची वाणं आमच्या घरात नावाने ओळखतात. आई म्हणते, "यंदा कर्जत-तीन पेरलाय." विद्यापीठाचं काम शेतकऱ्याच्या तोंडी बसलंय, अजून काय पाहिजे!

तक्रारी आहेतच. बियाणं वेळेवर मिळत नाही, साहेब फोन उचलत नाहीत. पण निदान शिव्या घालायला माणूस आहे. गाळेवाल्यांकडे तोही नाही.

---

कोपरी_कट्टा
१९ जानेवारी, दुपारी ३:५५

म्हणजे सीलसाठी कृषी विद्यापीठात गेले असते तर काम झालं असतं. निदान वाल तरी चांगला मिळाला असता.

---

टीवाय_मेक
२० जानेवारी, रात्री १२:४०

पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, ऐरोलीत राहते. विद्यार्थ्यांची बाजू कोणी लिहिली नाही, म्हणून लिहिते. आम्हाला या सेमला इंटर्नशिप सक्तीची आहे. वर्गातल्या निम्म्या मुलांनी काय केलं माहितीये? ऑनलाइन पैसे भरले, आठवडाभराचे व्हिडिओ पळवले, सर्टिफिकेट घेतलं. कॉलेजला माहीत आहे. बाबांच्या ओळखीने मी गेल्या वर्षी एका कंपनीत गेले होते. तिथे दीड महिना एक्सेल भरलं. शॉप फ्लोअरवर जाऊ का विचारलं तर म्हणाले, "मॅडम, तिकडे तेल असतं."

काका, तुमच्याकडे मी येऊ का? आठवड्यातून दोन दिवस आणि शनिवार. रबर मला येत नाही, पण वाचेन.

---

रबाळ्याचा_गाळेवाला
२० जानेवारी, सकाळी ७:१०

ये. तेल आमच्याकडेही आहे. सेफ्टी शूज मी देतो, महिना आठ हजार देईन. बाईमाणसासाठी टॉयलेट शेजारच्या गाळ्यात आहे, आधीच सांगून ठेवतो. व्यनि केलाय.

---

मास्तर_मी
२० जानेवारी, सकाळी ८:३०

ताई, तुमच्या कॉलेजचा मार्गदर्शक कोण? क्रेडिटसाठी फॉर्म लागेल. फॉर्म भरून द्यायला मी मदत करतो, त्या विद्येत मी पारंगत आहे.

---

उलटा_विचार
२० जानेवारी, सकाळी ११:००

चला, धाग्याला कन्या मिळाली.

---

(यानंतर रबाळे स्टेशनवरून शेअर रिक्षा किती घेते यावर एकवीस प्रतिसाद झाले होते. ते वेगळ्या धाग्यात हलवले आहेत. – संपादक)

---

रबाळ्याचा_गाळेवाला
६ एप्रिल, रात्री ९:४८

धागा वर काढतोय. सांगण्यासारखं आहे.

ताईने पहिले दोन आठवडे काहीच केलं नाही, नुसती फिटरच्या मागे उभी राहायची. मला वाटलं, फुकट आठ हजार. मग म्हणाली, गिऱ्हाइकाकडे रात्रपाळीला जाऊया. थर्ड_शिफ्ट काकांचा प्रतिसाद तिने छापून वहीत चिकटवला होता. तिच्या आईची परवानगी, गिऱ्हाइकाची परवानगी, गेटवर हेल्मेट, हे सगळं करून एका शुक्रवारी रात्री आम्ही तळोज्यात. पर्चेसवाले अर्थातच झोपलेले. पंपापाशी एक ऑपरेटर, वय पंचावन्न असेल. ताईने विचारलं, "काका, बॅच बदलताना लाइन कशाने धुता?" तो म्हणाला, "ॲसिटोन मारतो ना."

सात महिने! ऑर्डरवर, डेटाशीटवर, मेलवर कुठेही ॲसिटोन नाही. माल ॲसिड, म्हणून ॲसिड लिहिलं. धुणं कोण लिहितो? आणि मी एवढी वर्षं या धंद्यात असून पर्चेसला विचारलं, मॅनेजरला विचारलं, त्या माणसाला विचारलं नाही.

---

टीवाय_मेक
६ एप्रिल, रात्री १०:२५

काकांनी बरण्यांचं सांगितलं नाही, मी सांगते.

व्हायटन ॲसिडला चांगलं, पण ॲसिटोनसारख्या कीटोनमध्ये फुगतं, हे चार्टमध्ये मिळालं. पण फिटरदादा चार्ट मानेनात. म्हणून लोणच्याच्या काचेच्या तीन बरण्या आणल्या. एकीत पातळ ॲसिड, एकीत ॲसिटोन, एक रिकामी. प्रत्येकीत नवी कोरी व्हायटनची रिंग. बरण्या ग्राइंडरपासून लांब, मागच्या ओट्यावर. दुसऱ्या दिवशी ॲसिटोनमधली रिंग खोबणीत बसेना. वजन करायचं होतं. आमच्या लॅबचा नाजूक तराजू कपाटात कुलूपबंद आणि चावीवाले काका रजेवर. शेवटी रिंगा घेऊन सोनाराकडे गेले. त्याने आधी विचारलं, "कोणत्या कॅरेटचं?" ॲसिटोनवालीचं वजन दीडपटीच्या वर भरलं. ॲसिडवाली होती तेवढीच.

मग ईपीडीएमची (दुसऱ्या जातीचं रबर) रिंग दोन्ही बरण्यांत ठेवली. दोन्हीकडे ठीक.

---

उलटा_विचार
६ एप्रिल, रात्री १०:५०

सोनाराची दाद द्यावी. आणि यात विद्यापीठाचा वाटा नेमका किती, हे कोणीतरी सांगा. तराजू तर कुलपात होता.

---

मास्तर_मी
६ एप्रिल, रात्री ११:२०

वाटा एवढाच, की तिला दोन दिवस मोकळे मिळाले आणि त्याचे क्रेडिट धरले गेले. तुमच्या जर्मन लोकांकडेही मूळ भांडवल तेच आहे, मोकळे महिने. आणि हो, मीही दोनदा गाळ्यावर जाऊन आलो. बिल काढलं, गाळेवाल्यांनी जीएसटीसकट भरलं. मी पावती फ्रेम करतोय.

तो तळोज्याचा ऑपरेटर मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. यूजीसीने २०२२ मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' काढलं. पंधरा वर्षांचा अनुभव हवा, पदवीची अट नाही, मंजूर पदांच्या १० टक्क्यांपर्यंत नेमता येतात. आमच्याकडे त्यासाठी अर्ज आले ते सगळे निवृत्त व्हाइस प्रेसिडेंटचे.

---

खाडीकाठचा
७ एप्रिल, सकाळी ६:३०

ताई, शाब्बास. तुझ्या बरण्या रिकाम्या झाल्या की सांग. आमच्या नाल्याचं पाणी भरून देतो. बाबांना उत्तर मराठीत पाहिजे.

---

टीवाय_मेक
७ एप्रिल, सकाळी ७:०५

दादा, पाणी मला येत नाही. पण माझी मैत्रीण केमिस्ट्रीला आहे, तिला विचारते. होडीत बसायला मिळेल का, हा तिचा पहिला प्रश्न असेल.

---

थर्ड_शिफ्ट
७ एप्रिल, दुपारी १:१५

आनंद वाटला. आता एक विचारतो. ईपीडीएमची रिंग बसवताना तुमचा फिटर ग्रीस कुठलं लावतो?

---

रबाळ्याचा_गाळेवाला
७ एप्रिल, दुपारी १:२२

नेहमीचंच. डब्यातलं पिवळं. का?

---

थर्ड_शिफ्ट
७ एप्रिल, दुपारी १:३०

ते पेट्रोलियमचं. व्हायटनला चालतं. ईपीडीएम त्यात फुगतं. सिलिकॉनचं ग्रीस लावा, नाहीतर तीन आठवड्यांनी पुन्हा वाल.

---

रबाळ्याचा_गाळेवाला
७ एप्रिल, दुपारी १:३१

अरे देवा. शनिवारीच चार सील पाठवली आहेत. फिटरला फोन लावतोय, मग बोलतो.

---

टीवाय_मेक
७ एप्रिल, दुपारी १:५०

मी स्टेशनवरच आहे, रबाळ्याची गाडी धरते. काका, पिवळा डबा कोणाला उचलू देऊ नका, मला बरणीत घालून बघायचंय.